सुरी म्हणजे निर्णय

४ फेब्रुवारी

आजपासून लिहायचं ठरवलं. कारण साधं आहे, माझी फजिती झाली. मागे बँकवालीला मी सांगितलं होतं की स्वप्नात पिस्तूल दिसलं म्हणजे मनात अडकलेलं बोलणं बाहेर पडणार. आज वकिलीणबाईंना त्याच पिस्तुलाचा अर्थ सांगून बसले, घरी पाहुणे येणार म्हणून. आणि दोघी डोक्याला रंग लावून शेजारीशेजारी बसलेल्या! बँकवाली म्हणाली, "ताई, माझ्याच पिस्तुलातून तेवढे पाहुणे नाही का निघायचे?" सगळं पार्लर हसलं. मीही हसले, पण आतून चरफडले. धंदा करायचा तर एका शब्दावर ठाम राहायला हवं. कोणाला काय सांगितलं ते आता इथे लिहून ठेवणार.

धंदा म्हणजे तसा पार्लरचाच. पण समोर काचेचं नवं सलून उघडलंय, तिथे गार हवा आणि कॉफी. माझ्याकडे दोन खुर्च्या, एक बेसिन, एक खोकणारा गिझर आणि दोरेवाली. दोरेवाली माझ्याकडे भुवया कोरते. दातात दोरा धरून काम करत असल्यामुळे दिवसातला बराच वेळ तिला बोलता येत नाही, हे माझं नशीब. दोरा सुटला की मात्र टोचेल असंच काहीतरी बोलते.

गिऱ्हाईक टिकतंय ते स्वप्नांमुळे. बेसिनवर मान मागे टाकून डोक्यावर कोमट पाणी पडलं की बायका आपणहून बोलायला लागतात, आणि मला अर्थ सांगता येतो. आमच्या घरात ही रीतच होती. सकाळी चहा देताना आई पहिलं विचारायची, "काय पाहिलंस?" कोण काय बोललं, कोणी कोणाला काय त्रास दिला, असल्या कागाळ्या तिला चालायच्या नाहीत. स्वप्न मात्र चहा गार होईपर्यंत ऐकायची. मीही ठकीला तसंच वाढवलं. ठकी माझी एकुलती एक. लग्न झाल्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. तिचे बाबा तिचं लग्न बघायला राहिले नाहीत, पण असते तर खूश झाले असते, इतका सोन्यासारखा जावई मिळालाय.

९ फेब्रुवारी

सोमवार, पार्लर बंद. निवांत बसून शस्त्रांचं पक्कं करून टाकलं.

मला वाटायचं बायकांच्या स्वप्नात दागिने, फुलं, गेलेली माणसं येत असतील. येतात, पण सगळ्यात जास्त शस्त्रं येतात. सुरी, कात्री, कुऱ्हाड, बंदूक, एकीच्या तर तोफ आली होती. आणि बिचाऱ्या घाबरून जातात. म्हणून माझा पहिला नियम असा, की स्वप्नातलं शस्त्र हे शस्त्र नसतंच. ते दुसऱ्याच कशाचं तरी सोंग घेऊन येतं. तलवार म्हणजे मान. बंदूक म्हणजे न बोललेला शब्द (पाहुण्यांचं आता कायमचं रद्द). कुऱ्हाड दिसली की जुनं काहीतरी मुळापासून सुटणार. सुरी म्हणजे निर्णय. ज्याच्या हातात सुरी, तो निर्णय घेणार. रक्त आलं तर उत्तमच, लाभ होतो.

दोरेवालीला हे वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असती, मग कसाई रोज किती निर्णय घेत असेल. परवाच तिने विचारलं होतं, "ताई, आणि खरोखरीचीच सुरी असली तर?"

मी म्हटलं, "खरोखरीची सुरी स्वयंपाकघरात असते बाई. स्वप्नात कशाला येईल?"

१५ फेब्रुवारी

ठकी आली! न कळवता, एकटीच. गेल्या खेपेला येऊन गेली त्याला किती महिने झाले. रविवारची गर्दी होती, तरी मी तिला आधी बेसिनवर घेतलं. केसांची पार रया गेलीये. डाव्या कानामागे तर चांगला बोटभर पट्टा मोकळा झालाय. तिथली कातडी लाल, हात लावला तशी दचकली. रुक्ष झालेला केस मधूनच तुटतो, हे तर मुळासकट गेलेत. तिकडचं पाणी फार जड असणार. मी तिला तेल करून दिलं आणि आठवड्यातून दोनदा लावायला सांगितलं.

केस पुसत असताना ती हळूच म्हणाली, "आई, तुला काहीतरी सांगायचंय. याच्याबद्दल."

मी लगेच टॉवेल थांबवला. "हे बघ, लग्नाआधीच आपलं ठरलंय. तुमच्या घरातलं तुमच्या घरात. चार बायकांसमोर जावयाची गाऱ्हाणी नकोत."

"बरं," म्हणाली. तोंड एवढंसं करून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एकदा कान दिला की रोजचं होतं, आणि संसार अशानेच मोडतात.

मग मी डॉक्टरीणबाईंच्या स्वप्नातल्या बंदुकीचा अर्थ सांगत होते, तो ती ऐकत राहिली, अगदी टक लावून. बाई गेल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, मलाही एक स्वप्न पडलं."

किती आनंद झाला सांगू! लहानपणी रोज सांगायची, पुढे कॉलेजात गेल्यावर बंद केलं होतं. मी तिला जवळ बसवलं. ती म्हणाली, "मंगळवार होता. मी भाजी चिरत होते. तो आला आणि त्याने माझ्या हातातून सुरी घेतली. काही कापलं नाही. नुसता अंगठा फिरवत राहिला धारेवरून आणि म्हणाला, बस. मी जमिनीवर बसले. टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत तो तसाच उभा होता."

मी विचारलं, "रक्त?"

"नाही. तेव्हा नाही."

सरळ अर्थ आहे. जावयाच्या हातात सुरी, म्हणजे तो मोठा निर्णय घेणार. नोकरीत बढती किंवा स्वतःचं घर. आणि ती बसलेली, म्हणजे तिचं बस्तान पक्कं. तिला समजावून सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "असं होय."

दोरेवालीने मात्र एका गिऱ्हाइकाची भुवई जरा जास्तच कोरली. ओरडले तिला.

२४ फेब्रुवारी

ठकीचा फोन. हल्ली स्वप्न पडलं की फोन करते. मागे नळ धोधो चालू असतो. पाणी असं वाया घालवू नये म्हणून मी बोलले, तर म्हणाली, "असू दे आई, राहू दे चालू."

आज उशीवर सुरी होती म्हणे, दोघांच्या मधे. तो म्हणाला, आता झोप. आणि ती पहाटेपर्यंत डोळे मिटून पडून राहिली, शेजारच्या बाईंचा गजर वाजेपर्यंत. किती स्वच्छ स्वप्नं पडतात पोरीला! वार कळतो, गजर ऐकू येतो, टीव्हीवर काय चाललंय ते कळतं. माझ्या गिऱ्हाइकांची स्वप्नं म्हणजे नुसता गोंधळ, घोड्याचा मामा होतो आणि मामाचं कपाट. ठकी या बाबतीत माझ्यावर गेलीये.

उशीवर सुरी म्हणजे दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. मूल, दुसरं काय! मी फोनवरच तिचं अभिनंदन केलं. ती काही बोलली नाही, लाजली असावी.

फोन ठेवल्यावर दोरेवालीने दातातला दोरा काढला. "ताई, स्वप्नात कोणी झोपायचा प्रयत्न करतं का हो?"

मी म्हटलं, "तुला स्वप्नं पडतात तरी का? घोरतेस नुसती." तर म्हणाली, एकदा ठकीकडे जाऊन या. जाईन, पण सुट्टीचा एकच वार मिळतो, त्यात धुण्याचे टॉवेल. आणि न बोलावता मुलीच्या घरी गेलेलं बरं दिसत नाही.

१० मार्च

ठकीचा फोन, पुन्हा नळ. आजचं स्वप्न ती अगदी सावकाश सांगत होती, एकेक शब्द सुटा करून.

"मी एका बॅगेत थोडे कपडे आणि कागदपत्रं भरलीत आई. बॅग खालच्या लॉन्ड्रीवाल्याकडे ठेवलीये, इस्त्रीच्या कपड्यांत. तो शुक्रवारी सकाळी पंप बसवायला बाहेरगावी जातो. तो गेला की मी बॅग घेते आणि तुझ्याकडे येते. आई, तू दार उघडतेस का?"

"अगं, मी दार उघडणार नाही तर कोण उघडणार?"

"आणि मग परत पाठवतेस का?"

मी विचार केला. या बाबतीत खोटं सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही. स्वप्नात माहेरी येणं म्हणजे सासरचं काहीतरी काम अर्धवट राहिलंय. ते पुरं केल्याशिवाय जिवाला स्वस्थता नाही. म्हटलं, "अर्धवट सोडू नकोस काही. शेवटपर्यंत ने."

बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग म्हणाली, "नेते."

पोर समजूतदार आहे.

११ मार्च

जावई येऊन गेले. गिझर बिघडल्याचं मी सहज कळवलं होतं, तर कामाच्या गडबडीतून हत्यारांची पेटी घेऊन हजर. बायका बघतच राहिल्या. गोरेगोमटे, बोलायला मऊ, आल्याआल्या वाकून नमस्कार. बँकवाली माझ्या कानात म्हणाली, असा जावई कुठे मिळतो ते सांगा.

स्टुलावर चढून काम करताना ते म्हणाले, "आई, तुमची फार ख्याती ऐकली. स्वप्नांचे अर्थ सांगता म्हणे."

"तुम्हीच तर सारखे येता स्वप्नात," मी चेष्टेने म्हटलं. "ठकीच्या. तेही सुरी घेऊन!"

पान्हा जरा थांबला. मग ते हसले. "सुरी? मी?"

मी त्यांना अर्थ सांगितला, बढतीचा आणि बाळाचा. ते लक्ष देऊन ऐकत होते, माझ्या गिऱ्हाइकांपेक्षाही जास्त. म्हणाले, "अजून काय दिसतं तिला? मला कधी सांगत नाही." मग मी कालचंही सांगितलं. बॅग, लॉन्ड्रीवाला, शुक्रवार, सगळं. चांगल्या स्वप्नाचं सांगायला काय हरकत?

"शुक्रवारी," ते म्हणाले. "असं का." हळूच खाली उतरले, हात पुसले. चहा टाकलाय म्हटलं तरी थांबले नाहीत. गिझर तसाच उघडा टाकून गेले. एवढं एक आवडलं नाही मला, काम हातात घेतलं की पुरं करावं माणसाने. आता दिवसभर पातेल्यात पाणी तापवणं आलं.

१३ मार्च, दुपार

शुक्रवार, गर्दी. पाणी तापवून हात भाजले. दोरेवालीने विचारलं, ठकीचा काही फोन? मी म्हटलं, नाही, आणि हसत हसत तिला परवाची गंमत सांगितली, जावयाचा चेहरा कसा झाला होता ते.

तिने दोरा टाकला. डॉक्टरीणबाईंचा वरचा ओठ अर्धा झालेला होता, तो तसाच सोडून, चप्पल पायात सरकवत बाहेर धावली. मी हाका मारल्या, वळूनही बघितलं नाही. अशी माणसं कामाला ठेवण्यापेक्षा एकटीने केलेलं परवडलं. उरलेला ओठ मी केला. माझा हात आता तितका चालत नाही, बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

१४ मार्च

लिहवत नाही.

१७ मार्च

लिहिते. कुठेतरी ओकायला हवंय.

तो बाहेरगावी गेलाच नाही. जातो म्हणून डबा घेऊन निघाला आणि लॉन्ड्रीत जाऊन बसला. ठकी खाली उतरली तेव्हा तिची बॅग त्याच्या मांडीवर होती. लॉन्ड्रीवाला सांगतो, हसून उठला, तिचा हात धरला आणि दोघं जिना चढून गेली. नवराबायको, आपण काय म्हणणार, असं म्हणतो तो. मी त्याला काय बोलू?

दोरेवालीला घर माहीत होतं. शॅम्पूच्या बाटल्या पोचवायला मीच तिला एकदा पाठवलं होतं. तिने लॉन्ड्रीवाल्याला वर ओढत नेलं, शेजारच्या बाईंना बाहेर काढलं. दार बडवल्यावर त्याने शांतपणे उघडलं आणि म्हणाला, कांदा कापताना लागलंय तिला. दोरेवालीने विचारलं, "दोन्ही हातांना?"

ठकीने पातं धरलं होतं. दोन्ही हातांनी, घट्ट, सोडलं नाही. म्हणून मान वाचली. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, तळहातातल्या शिरा कशा असतात, उजव्या हाताची दोन बोटं आता मिटणार नाहीत. मी मान हलवत होते. बेसिनपाशी बसलेल्या बायका माझं बोलणं ऐकताना जशी हलवतात तशी. काही कळत नव्हतं.

पोलीस त्याला घेऊन गेले. मी ठकीच्या खाटेपाशी बसले. हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे पांघरुणावर ठेवलेले. मी म्हटलं, "बाळा, मला काय माहीत गं. मी फक्त तुझं स्वप्न सांगितलं त्याला."

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "मला स्वप्नं पडत नाहीत आई. झोप लागली तर पडतील ना."

"मग सरळ का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. त्या रविवारी. तू टॉवेल थांबवलास." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "स्वप्न म्हटलं की तू ऐकायचीस. म्हटलं, ऐकता ऐकता कधीतरी कळेल."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. तिने मान बाजूला केली. कानामागचा तो पट्टा दिसला. पंचवीस वर्षं मी केसांत हात घालतेय. ओढून उपटलेला केस मला ओळखता येत नाही, असं कोणी म्हणेल का? मला दिसलं होतं. मी पाण्यावर ढकललं.

२३ मार्च

ठकीला घरी सोडलं. माझ्या घरी नाही. मी खोली झाडून, नवी चादर घालून ठेवली होती. दवाखान्यात गेले तर खाट रिकामी. दोरेवालीने सकाळीच तिला कुठेतरी नेलं, अशा बायकांना ठेवतात अशा जागी, किंवा कोणाकडे, मला माहीत नाही.

मी दोरेवालीवर तोंड सोडलं. मी तिची आई आहे, तू कोण, असं नाही नाही ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, पत्ता तुम्हाला द्यायचा नाही, असं तीच म्हणालीये."

मग तीही रडायला लागली. म्हणाली, मला उशीच्या फोनलाच कळलं होतं, पण नोकरी जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. दोघी दोन खुर्च्यांत बसून रडलो. एक बाई दार ढकलून आत डोकावली आणि तशीच मागे गेली.

२ एप्रिल

स्वप्नांचं बंद केलंय. बायका अजून विचारतात. काल वकिलीणबाई म्हणाल्या, माझ्यामागे कोणीतरी विळा घेऊन लागलं होतं. मी पाणी बंद करून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांना राग आला. केस ओलेच बांधून गेल्या.

दोरेवालीकडे रोज पत्ता मागते. नुसतं लांबून बघून येईन म्हणते. ती दातात दोरा धरते.

९ एप्रिल

जामिनावर सुटला. कोणी कळवलं नाही. आज दुपारी पार्लरमध्ये आला.

दोरेवाली रंग आणायला बाहेर गेली होती, गिऱ्हाईक नव्हतं. तो दारात उभा राहिला. वाळलाय. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. मी कैची उचलली, पुढे धरली आणि म्हटलं, बाहेर हो. निदान असं म्हणायचं होतं. तोंडातून काही निघालं नाही.

तो खालीच बसला, माझ्या पायांशी, केस पडलेल्या फरशीवर. आणि रडायला लागला. पुरुष असा रडताना मी कधी बघितला नव्हता, ठकीच्या बाबांनासुद्धा नाही. म्हणाला, "आई, मी राक्षस आहे. मला एकदा तिच्या पाया पडू द्या. फक्त एकदा. नंतर तुम्ही सांगाल तिथे निघून जातो." म्हणाला, जेवण जात नाही, घरात तिचे कपडे तसेच आहेत. "तुम्हीच मला आई म्हणून राहिल्यात. कुठे आहे ती, एवढंच सांगा."

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्याने बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघितलं. खरं बोलतेय हे त्याला पटलं असावं, कारण रडणं तिथेच थांबलं. एकदम. नळ बंद करावा तसं. उठला, गुडघ्यांवरचे केस झटकले, आरशात बघून भांग नीट केला आणि गेला.

मी दाराला कडी घातली आणि कोपऱ्यातल्या त्या खुर्चीत बसले. भीतीने, असं दोरेवालीला मी नंतर सांगितलं. ते खोटं होतं. तो खाली बसून रडत होता तेव्हा मला वाईट वाटलं होतं त्याचं. पाणी द्यावंसं वाटलं होतं. बटण लावून द्यावंसं वाटलं होतं. मनात आलं होतं, बिचारा पस्तावलाय, एकदा भेटू दिलं तर काय बिघडेल. ठकीचे हात बघून आल्यावरही मनात हेच आलं.

दोरेवाली परतली, सगळं ऐकून तिचं तोंड उतरलं. माझ्याजवळ बसली. म्हणाली, "ताई, ती काल विचारत होती तुमच्याबद्दल. जेवता का नीट, म्हणून. पत्ता नाही, पण निदान कुठल्या भागात आहे ते सांगू का तुम्हाला?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडले, सांगू नकोस, मला कधीही सांगू नकोस. मला माहीत असतं ना, तर मी आज त्याला सांगितलं असतं.